राहण्याजोगं स्थळ

आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये कुणी कुठल्या खुर्चीवर बसायचं हे भूगोल सर ठरवायचे. तसा अधिकार त्यांना कुणी दिलेला नव्हता, पण नवा माणूस रुजू झाला की ते त्याला दारातच अडवून खोलीचा भूगोल समजावून सांगत. मुख्याध्यापकांच्या केबिनला लागून असलेल्या दोन खुर्च्या फार तापलेल्या; तिथं बसणारा माणूस तासातासाला कुठल्या तरी कामाला जुंपला जातो आणि वर्षभरात वाळून जातो. पलीकडच्या कोपऱ्यातली खुर्ची फार गार. तिथपर्यंत किटली पोचेस्तोवर चहा संपलेला असतो. मधली, कपाटाला पाठ लावलेली एकच खुर्ची राहण्याजोगी. तिच्यावर ते स्वतः बसत.

मी काष्टीला गणित शिकवायला गेलो तेव्हा माझ्या वाट्याला गारठलेली खुर्ची आली. पहिले सहा महिने मी शाळेतला चहा नुसता बघितला.

सर कुणालाच नावानं हाक मारत नसत. ज्याचा जो विषय, तेच त्याचं नाव. मी गणित. 'इंग्रजीच्या पोटात दुखतंय, आज येणार नाही,' असा निरोप ते बिनदिक्कत भरवर्गात देत. एकदा तर त्यांनी मुख्याध्यापकांना सांगितलं की इतिहास आणि मराठी काल बाजारात वांग्यांवरून भांडत होते. मग आम्हीही त्यांना भूगोल सरच म्हणायला लागलो. खरं नाव काय होतं ते हजेरीपटालाच ठाऊक असावं. अंगानं काटकुळे, बारा महिने हातात छत्री, आणि ती छत्री पावसात कधी उघडलेली मी पाहिली नाही. ती नकाशावर गावं दाखवायला आणि बेंचवर आपटायला होती.

शहाण्णव साली त्यांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. आम्हाला सगळ्यांना वाटलं, वैजूचं जमलं. वैजू म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. पंचविशी ओलांडली होती, दूध संकलन केंद्रावर दुधाचं फॅट तपासायची, आणि तिच्या लग्नाची काळजी तिच्या आईइतकीच आमच्या सगळ्या स्टाफला लागलेली होती. पण पेढे वैजूचे नव्हते. पुण्याच्या भाच्यानं वर्तमानपत्रांची कात्रणं पाठवली होती. दुसऱ्या सूर्यांभोवतीही ग्रह फिरतात असं आता सापडायला लागलं होतं. एक भाद्रपदा नक्षत्राच्या चौकोनाजवळ, एक कन्या राशीत, एक सप्तर्षींत. सर म्हणाले, आजवर आपण नऊच ग्रहांवर दिवस काढले, आता निवडायला वाव आहे. आम्ही पेढे खाल्ले आणि तासाला गेलो.

आता हे ग्रह दुर्बिणीतूनसुद्धा दिसत नव्हते. ताऱ्याच्या उजेडापुढं ते बुडून जातात. मग आहेत हे कळलं कसं? तर ग्रह ताऱ्याभोवती फिरतो तेव्हा ताराही जागच्या जागी किंचित हलतो, आणि ते हलणं त्याच्या प्रकाशात पकडता येतं. हे आम्हाला तोंडी सांगून सर थांबले असते तर ते भूगोल सर कसले. पालक मेळाव्याच्या दिवशी त्यांनी मैदानावर फुगडीचा प्रयोग लावला. तारा म्हणून मुख्याध्यापक, कारण वजनाला तेवढा माणूस शाळेत दुसरा नव्हता. ग्रह म्हणून आमचा शिपाई, जो फुंकरीनं उडेल असा. ग्रह दिसता कामा नये म्हणून शिपायाला भर उन्हात डोक्यापासून पायापर्यंत काळं घोंगडं पांघरलेलं. मुख्याध्यापक तयार झाले, कारण हे नव्या अभ्यासक्रमात आहे असं सरांनी त्यांना गंभीर चेहऱ्यानं सांगितलं होतं.

फुगडी सुरू झाली. घोंगडं गरगरा फिरायला लागलं आणि सगळे पालक अर्थातच घोंगड्याकडे बघायला लागले. सर छत्री उगारून ओरडत होते की शिपायाकडे बघू नका, साहेबांकडे बघा, साहेब हलतायत का बघा. साहेब हलत होते. त्यांचं पोट एकदा बायकांच्या बाजूला यायचं, एकदा पुरुषांच्या. शेवटी घोंगड्यात गुदमरलेल्या ग्रहानं हात सोडले आणि तारा जाऊन आजी-माजी सरपंचांच्या मांडीवर बसला. सर खूश होते. एका पालकानं विचारलं, गुरुजी, ह्याचा उपयोग काय? सर म्हणाले, मुलीचं लग्न करायला.

ते थट्टेत बोलले असं मला वाटलं होतं. पण माणूस खरंच तसा वागायला लागला.

त्यांचं म्हणणं असं, की मुलाकडे बघून मुलगा कळत नाही. त्या दिवशी तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, मान खाली घालून बसलेला असतो. दिसण्यासारखं त्याच्यात काही उरलेलं नसतं. बघायचं ते त्याच्या आईकडे. मुलगा बाहेरून घरात आला की आई किती हलते, यावरून मुलगा कळतो. म्हणून सर ठरल्या वेळेच्या आधी तासभर जाऊन बसत आणि मुलाला बाहेरून यायला लावत.

सावेडीतल्या एका बंगल्यात मी त्यांच्याबरोबर होतो. मुलगा एमआयडीसीत साहेब, तिशीचा, गोरापान. तो दारात आला आणि आई उठली. पंखा वाढवला, त्याच्या हातातली बॅग घेतली, त्याच्याच खिशातला रुमाल काढून त्याचं कपाळ पुसलं, आणि मग खाली वाकून बुटाची नाडी सोडायला लागली. सरांनी समोरचा चहा उचलला आणि तळाच्या साखरेसकट संपवला. परतीच्या एसटीत ते म्हणाले, फार वजनदार ग्रह, नुसता वायूचा गोळा, पाय टेकायला जमीनच नाही, पोरीनं उभं राहायचं कुठं?

इथं चहाचं सांगायला हवं. आमच्याकडे जुनी माणसं मुलीच्या सासरी पाणी पीत नाहीत. नातवंडाचं तोंड दिसेपर्यंत तरी नाहीच. पण हे लग्न झाल्यावर. बघायला गेल्यावर चहा-पोहे सगळेच घेतात. सरांनी तो नियम उलटा मागं ओढला. उद्या हेच घर वैजूचं सासर ठरलं तर आज प्यायलेलं पाणी पोटातून काढायचं कसं, असं ते विचारत. त्यामुळं निकाल लागेपर्यंत ते थेंबाला शिवत नसत, आणि नापसंतीचा निकाल लागला की निवांत चहा पीत. सरांनी कप तोंडाला लावला की ते स्थळ गेलं, हे आम्हाला पाठ झालं होतं.

असे त्यांनी पुष्कळ कप रिचवले. नागपूरचं स्थळ फार लांब म्हणून गोठलेलं निघालं. काष्टीतलंच, आमच्या आळीतलं एक, फार जवळ म्हणून भाजलं. एका बागायतदाराचा धाकटा मुलगा घरजावई व्हायला तयार होता आणि काकूंना, म्हणजे सरांच्या बायकोला, ते फार मनापासून हवं होतं. सरांनी काकूंपुढं ते भाद्रपदेचं कात्रण धरलं. गुरूच्या निम्म्या वजनाचा ग्रह, ताऱ्याला अगदी खेटून बसलेला, आणि इतका खेटून की त्याचं वर्ष चार दिवसांत संपतं. चार दिवसांचं वर्ष, म्हणजे दर चार दिवसांनी दिवाळसण, दर चार दिवसांनी जावयाला कपडे. परवडेल का तुम्हाला? काकू रडकुंडीला आल्या. म्हणाल्या, जगातल्या पोरींची लग्नं खाली जमिनीवर जमतात, आमच्याच पोरीचं आभाळात अडकलंय.

आणि मग वैजूनंच स्वतःचं जमवलं. मुलगा कर्जत तालुक्यातला, जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नोकरीला. काष्टीच्या जनावरांच्या बाजाराला दर आठवड्याला यायचा. एका म्हशीच्या दुधाचं फॅट उतरलं म्हणून वैजूनं त्याला म्हैस तपासायला लावली. म्हैस बरी झाली, तरी तपासणी काही थांबेना. काकूंना कुणकुण लागली, नात्यागोत्यातलंच घर निघालं, म्हणजे तिकडूनही अडचण नव्हती. अडचण होती ती पाण्याची. गावाला टँकर.

सरांनी गावाचं नाव ऐकल्याबरोबर नकाराची मान हलवली. कन्या राशीतल्या ग्रहावर पाणी असू शकतं असं पेपरात छापून येतंय आणि मी पोरगी टँकरच्या गावात देऊ? काकू म्हणाल्या, न बघता निकाल देणं तुमच्या शास्त्रात बसतं का? हे मात्र त्यांना लागलं. बघायला जायचं ठरलं. मे महिना, शाळेला सुट्टी, आणि स्कूटर माझी, म्हणजे मी आलोच.

निघायच्या आधी वैजू आमच्या घरी आली. एरवी बडबडी पोरगी, पण त्या दिवशी दाराची कडी धरून उभी राहिली. म्हणाली, "दादा, मला दुसरीकडं कुठंच जायचं नाही. काहीही करा, पण बाबांना त्या घरात पाणी पिऊ देऊ नका." मी हो म्हणून बसलो. मे महिन्यात कर्जतकडं माणसाला पाणी पिऊ द्यायचं नाही, म्हणजे काय हे मला पोचल्यावर कळलं.

सरांनी काष्टीहून पाच लिटरचा कॅन भरून स्कूटरला बांधला होता आणि काकूंनी दशम्या दिल्या होत्या. पोचलो तेव्हा मुलाची आई ओट्यावर हुलगे निवडत बसली होती. वडील शेजारी तंबाखू मळत होते आणि बोलायचं काम त्यांनी बायकोवर सोपवलेलं दिसत होतं. बाईंनी पाणी आणलं. मी तांब्याभर प्यायलो, कारण माझी काही मुलगी द्यायची नव्हती. सरांनी हात जोडून नको म्हटलं आणि आपल्या कॅनमधलं कोमट पाणी प्यायले. बाईंना ते खटकलं, आणि त्या पुन्हा हुलगे निवडायला बसल्या.

संध्याकाळी मुलगा फटफटीवरून आला. सर सावरून बसले, नजर बाईंवर रोखली. बाईंनी मान वर केली नाही. "आलास व्हय," एवढं म्हणून त्या हुलग्यातला खडा शोधत राहिल्या. वडिलांचा हात तंबाखूवर तसाच चालू. दाराशी कुत्रं पसरलं होतं, त्यानं एक डोळासुद्धा उघडला नाही. मुलानं फटफटी लावली, हातपाय धुतलेलं पाणी बादलीत धरलं, ते परसातल्या लिंबाला घातलं, स्वतःची भाकरी स्वतः वाढून घेतली आणि आमच्या शेजारी येऊन बसला.

सर हैराण झाले. मला बाजूला घेऊन म्हणाले, गणित, काहीच हललं नाही. मी म्हटलं, मग चांगलंच आहे की. ते म्हणाले, तसं नाही, या पद्धतीत वजनदार ग्रह तेवढे कळतात. काही हललं नाही याचा अर्थ एक तर तिथं काहीच नाही, नाहीतर पृथ्वीसारखा हलका, राहण्याजोगा ग्रह आहे. आणि दोन्हीतलं कुठलं ते आमच्या शास्त्राला अजून ओळखता येत नाही. मग करायचं काय? तर म्हणे आणखी काही प्रदक्षिणा बघायच्या. मुलगा रोज सकाळी जाणार, संध्याकाळी येणार. आम्ही थांबणार.

अहो, मुलीचा बाप बघायला म्हणून जातो आणि तिथंच मुक्काम ठोकतो, असं मी आजतागायत ऐकलेलं नाही. मला जमिनीनं गिळावं असं झालं. पण सरांनी ओट्यावर बसून बाईंना शांतपणे सगळं सांगितलं, फुगडीपासून. बाईंनी ऐकून घेतलं. "म्हंजी तुमी माज्याकडं बघाय आलाय," त्या म्हणाल्या, "बसा की मग." आणि खरोखरच पुढं त्यांनी आम्हाला घरातल्या पोत्याइतकंसुद्धा मनावर घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरच्या शेळीनं कॅनला ढुशी दिली. उरलंसुरलं पाणी ओट्यावरून वाहून मातीत मुरलं आणि सर त्या ओल्या डागाकडे बघत राहिले. ऊन असं होतं की ओट्याची फरशी हाताला लागत नव्हती. मी माझ्यापरीनं लक्ष दुसरीकडे वळवत होतो, सप्तर्षीतल्या ग्रहाचं विचारत होतो. सर उत्तरं देत होते, पण जीभ टाळूला चिकटत होती. घरातून रांजणात तांब्या बुडाल्याचा आवाज आला की त्यांची मान आपोआप तिकडे वळायची. एकदा तर बाईंनी ताक आणून पुढं ठेवलं. मी ते सरांच्या हातातून ओढून घेऊन पिऊन टाकलं. माझ्याइतका हावरा पाहुणा त्या घरानं पाहिला नसेल.

शेवटी सर उठले आणि गावात गेले. मारुतीच्या देवळातला माठ कोरडा होता. मग ते शेजारच्या घरी गेले आणि पाणी मागितलं. तिथं प्यायले, पुढच्या घरीही प्यायले. आता विचार करा, टँकरच्या गावात एका घरचा पाहुणा दुसऱ्या घरी पाणी मागत हिंडतोय. लोक काय म्हणणार? संध्याकाळपर्यंत गावभर झालं की त्या घरात सोयऱ्याला घोटभर पाणी मिळत नाही. कुणी म्हणे बाई कंजूष, कुणी म्हणे रांजणात पाल पडली होती.

त्या संध्याकाळी मुलगा पुन्हा आला, पुन्हा काही हललं नाही. जेवणं झाली, सरांनी आपल्या दशम्याच खाल्ल्या, आणि ते ओट्याच्या कडेला पाय सोडून बसले. मग म्हणाले, "गणित, इथं दिली तर पोरीला टँकरमागं पळावं लागेल. नाही दिली तर ती माझ्याजवळच वाळेल. सगळ्या ग्रहांना नावं ठेवली, पण तिला भाजणारा सूर्य मीच निघालो की हो." मला वाईट वाटलं, खरंच वाईट वाटलं. एवढी वर्षं ह्या माणसाला हसत होतो, आणि त्याला रात्रंदिवस नुसती पोरीची भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर आला. तेव्हा मात्र सगळं हललं. वडिलांनी तंबाखू टाकली, कुत्रं उठलं, बाई दोन हंडे घेऊन धावल्या, अख्खं गाव एका बाजूला कललं. सर म्हणाले, या गावातला वजनदार ग्रह हा. मीही हंडा घेऊन रांगेत उभा राहिलो, आणि तिथंच एका बाईनं मुलाच्या आईला सगळ्यांदेखत टोमणा मारला, की तुमच्या पाहुण्याला आज कुणाच्या दारात पाजायचं, आमच्या का पाटलाच्या. बाईंनी हंडे भरले, डोक्यावर घेतले आणि भराभरा चालायला लागल्या. मी माझा हंडा हिंदकळत मागं धावलो.

घरी आल्यावर त्यांनी हंडे उतरवले. तांब्या घासला, नव्या पाण्यानं काठोकाठ भरला आणि सरांच्या समोर ठेवला. मुलगा फटफटीला किक मारणार होता, तो थांबला. बाईंचा आवाज चढला नाही.

"गुरुजी, तुमी लई बघितलं. मी काय म्हनलं न्हाई. पर माज्या दारातनं पाव्हना तान्हेला उठतोय आन् गाव माज्या तोंडावर थुंकतंय. तुमचं ते हालनं-बिलनं मला कळत न्हाई. आता एक करा. पानी प्या आन् मोकळे व्हा. न्हाईतर पोरगी द्या, म्हंजी का पेला न्हाई ते मला गावाला सांगता यील."

आदल्या दुपारपासून सरांच्या ओठांना चिरा पडलेल्या, सकाळपासून पोटात थेंब नाही, आणि समोर गार पाणी. त्यांनी तांब्याकडे बघितलं. मग बाईंकडे, मग मुलाकडे. मुलाकडे त्यांनी सरळ तोंड करून बघितलं ते तेव्हाच, पहिल्यांदा. मग दोन्ही हातांनी तांब्या उचलला. मी मनात वैजूची माफी मागायला लागलो.

सरांनी तांब्या कपाळाला लावला आणि माझ्या हातात दिला.

"गणित, तुम्ही प्या," ते म्हणाले. "मला आता या घरचं पाणी चालत नाही."

बाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. मी घटाघटा प्यायलो.